कॅप्टन वेबच्या बाजूने

शहनाजने घरून निघतानाच ठरवलं होतं. आज कोणीही जिंकलं तरी चालेल, कॅप्टन वेब जिंकता कामा नये.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच. दीडशे वर्षांपूर्वीचा एक गोरा पोहणारा माणूस, त्याच्याशी महाडच्या बाईचं काय वैर असणार? पण होतं. गाडी मस्कत मागे टाकून डोंगरांत शिरली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाजक्या विटेच्या रंगाचे कडे उभे राहिले, तेव्हाही ती मांडीवरची बिर्याणीची हंडी सांभाळत त्याच माणसाचा विचार करत होती.

गाडी झुबेर चालवत होता, तिचा नवरा. मस्कतच्या वादी कबीर भागात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात त्याची उभी हयात गेली होती. शेजारी धनंजय. तो संगमेश्वरचा, बौशरच्या इमारतींमधल्या लिफ्टांचा मेकॅनिक, बायको-मुलं गावी. शहनाजच्याच बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर राहायचा आणि शुक्रवारचा दिवस ह्यांच्याकडे जमा करायचा. मागे शहनाजच्या बाजूला लेक तूबा, कानात वायर घालून ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत बसलेली. तिच्या शाळेची वादविवाद स्पर्धा येत्या आठवड्यात होती. चिठ्ठी उचलली तेव्हा विषय आला, आजवरचा सर्वांत थोर ब्रिटिश खेळाडू कोण.

"दुसरा विषय नाय मिळाला?" धनंजय म्हणाला होता. "आपल्या सचिनचं सांगितलं असतं तर मी झोपेत बोललो असतो."

"काका, चूज नाही करता येत. लॉट्स असतात."

पण झुबेरचे डोळे चमकले होते. कारण त्याच्याकडे माणूस होता.

झुबेरचा आजा अलीमियाँ बाणकोटचा. गोऱ्यांच्या जहाजांवर खलाशी होता. तिकडून येताना त्याने काड्यापेटीची एक रिकामी डबी आणली होती. तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला एक मिशीवाला माणूस. हा कॅप्टन वेब, आजा सांगायचा, जहाजावरचाच माणूस, आपल्यासारखा. अंगाला मासळीचं तेल चोपडलं आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरनं सुटला तो सबंध दिवस सबंध रात्र पोहत फ्रान्सच्या वाळूत जाऊन उभा राहिला. त्याच्याआधी हे कोणी केलं नव्हतं. झुबेर पोरवयात बाणकोटची खाडी पोहून पलीकडे जायचा, तेव्हा तो मनात वेबच असायचा.

इथवर ठीक होतं. कोणत्या पोराच्या मनात कोणी नसतो? पण गेल्या हिवाळ्यात वर्कशॉपात उलथापालथ झाली. झुबेरने हाताला धरून शिकवलेला एक तरुण त्याच्या वर बसला आणि झुबेरला स्टोअरमध्ये नटबोल्ट द्यायला बसवलं. त्या दिवसापासून तो संध्याकाळी मत्रह बंदराच्या पलीकडच्या खडकांवरून पाण्यात उतरायला लागला. आधी बोयापर्यंत. मग त्याच्या पुढे. एकदा नांगरलेल्या जहाजापर्यंत गेला, तेव्हा पहारेकऱ्यांच्या बोटीने उचलून आणला. अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचा मालक, म्हणाला, पुन्हा असं झालं तर खलास, गावची वाट धर. झुबेरने मान डोलावली आणि चार दिवसांनी पुन्हा टॉवेल काखेत मारला. "गो, पाण्यात गेल्यावर माझं वय नाय राहत," तो म्हणायचा.

शहनाज काठावर चप्पल सांभाळत बसायची आणि लाटांमधला तो काळा ठिपका डोळ्यांनी धरून ठेवायची. ठिपका दिसेनासा झाला की तिच्या छातीतला जीव पाखरागत उडून जाऊन खडकावर बसायचा, ठिपका दिसला की परत यायचा. आपल्या माणसाला कसं सांगायचं की बास झालं? भांडून झालं होतं, रडून झालं होतं. आता हा खेळ हाताशी आला होता.

कारण खेळाची न्यायाधीश तीच असायची.

हा त्यांच्या शुक्रवारचा रिवाज होता. जेवण झालं की चटईवर एक भांडण काढायचं. हापूस रत्नागिरीचा चांगला की देवगडचा, बस बरी की बोट बरी, काहीही. शहनाजने निकाल द्यायचा. हरणाऱ्याने हंडी घासायची. आणि निकाल लागेपर्यंत चटईवरून कोणी उठायचं नाही. हा नियम झुबेरनेच केला होता, धनंजय हरायला लागला की नेमका लघवीला जायचा म्हणून.

जुम्मा त्यांनी वाटेतल्या एका गावच्या मशिदीत उरकला. मग डांबरी रस्ता सोडून गाडी वादीत, म्हणजे तिथल्या एरवी कोरड्या नदीत, उतरली. दोन कड्यांच्या मधोमध गोट्यांचं रुंद पात्र, आणि त्यात एका कडेने घोट्याएवढं पाणी, काचेसारखं, तळाचा खडा न् खडा दाखवणारं. काठाला चार खजुरी. पात्राच्या मध्यावर एक काटेरी झाड होतं, त्याच्या सावलीत झुबेरने गाडी लावली.

"वर रस्त्याच्या कडेला लाव की," शहनाज म्हणाली.

"वर ऊन हाय. स्टिअरिंगला हात लावशील तर पोळशील."

त्याने एक वाळकी फांदी मोडली आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवली. बाणकोटला भरती चढते की उतरते ते बघायला पोरं अशीच काठी रोवतात. पाणी काठीच्या पुढे सरकलं की समजायचं, आवरायला घ्या. खाडीचं पाणी सभ्य असतं. बोटबोट चढतं, आल्याची वर्दी देतं, आपल्या वेळेला माघारी जातं. झुबेरला आयुष्यात तेवढंच पाणी ठाऊक होतं.

शहनाज त्याच नदीच्या वरच्या अंगाची. बाणकोटला सावित्री दर्याला मिळते, महाडला ती घाटातून उतरून येते. तिने काठीकडे पाहिलं, मग वर. आभाळ निळं होतं. फक्त दूर, डोंगरांच्या मागच्या डोंगरांवर, पिंजलेल्या कापसाचा एक ढीग होता, त्याची खालची कड तव्यासारखी काळी.

जेवणं झाली. धनंजयने गोळी घेतली आणि मग हळूच खजुराकडे हात नेला.

"काका, शुगर," तूबा म्हणाली.

"अगं, गोळी कशाला घेतली मग?"

झुबेरने मांडी ठोकली. "चला. कोण पहिला?"

धनंजय पहिला. त्याचा माणूस रेडग्रेव्ह, वल्ही मारणारा. "एकामागोमाग पाच ऑलिंपिक. पाचही वेळा सुवर्णपदक. एक नाही, दोन नाही. आणि शेवटच्या वेळी काय होतं त्याला? डायबेटीस. सुया टोचून घेत होता पोटाला आणि वल्हवत होता. हा मी म्हणतो खेळाडू. मी दोन मजले चढलो तर लिफ्ट आठवते."

"म्हणजे तुझी शुगर जिंकली पाहिजे," झुबेर म्हणाला. "धनू, अरे होडीत बसून उलट्या तोंडाने जायचं. कुठे चाललोय ते दिसत नाय. ह्यात कसली मर्दुमकी?"

"उलटं तोंड असतं म्हणूनच मजा. हरणाऱ्यांची तोंडं समोर दिसतात."

तूबा खुदकन हसली. मग तिची पाळी आली. ती उभी राहू लागली तसं झुबेरने तिला हाताने खाली बसवलं. "चटई. नियम."

"ओके. माझा मो फराह." ती मराठीत शब्द शोधत सावकाश बोलत होती, अंधारात चपला चाचपडाव्यात तशी. "तो लहान होता तेव्हा त्याला इंग्लंडला आणलं. दुसऱ्याच मुलाच्या नावावर. त्याचं स्वतःचं नाव... घेतलं त्याच्याकडून. घरकाम करायला लावलं. हे त्यानेच नंतर सांगितलं सगळ्यांना. आणि तो धावला. रिओला तो रेसमध्ये पडला. खाली. आणि उठून जिंकला. सो आय थिंक, ज्याचं नावपण नव्हतं त्याने नाव केलं. म्हणून तो ग्रेटेस्ट."

परक्या मुलखात आपल्याला भलत्याच नावाने हाका मारतात हे त्या दोघा पुरुषांना कोणी शिकवायची गरज नव्हती. धनंजयला पहिल्या कंपनीत सगळे 'दानिश' म्हणायचे, आणि तो ओ द्यायचा.

"चांगलं बोलतेस," झुबेर म्हणाला. आवाज मऊ झाला होता. पण लगेच सावरला. "पण कुत्रं मागे लागलं तर कोणपण धावतं. पडला तरी जमीन हाय ना खाली. पाण्यात काय हाय खाली?"

आणि तो सुरू झाला. त्याला बोलताना पाहणं म्हणजे जात्यावर बसलेल्या बाईला गाताना ऐकण्यासारखं होतं, शब्द आपोआप गिरकी घेत पडायचे. वेबला झोंबलेल्या जेलीफिश, पायांत आलेले गोळे, फ्रान्सचा काठ दिसत असून भरती त्याला पुन्हा पुन्हा बाजूला ओढत होती ते. बोलता बोलता झुबेरचे खांदे पोहायला लागले. शहनाजला ते खांदे ओळखीचे होते. लग्नाच्या वर्षी तिने ह्याच खांद्यांवर जीव टाकला होता.

तिने तूबाकडे पाहिलं. आदल्या रात्री भांडी पुसताना दोघींचं ठरलं होतं.

"अब्बा, पण तो मेला कसा?" तूबा म्हणाली.

"कोण?"

"वेब. तुम्ही एंडिंग नाही सांगत कधी."

अलीमियाँची गोष्ट फ्रान्सच्या वाळूत संपायची. त्याच्या पुढे काही होतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"आठ वर्षांनी तो अमेरिकेला गेला," तूबा म्हणाली. "नायगाराच्या खालचं पाणी आहे ना, भोवरे आहेत तिथे. ते पोहून दाखवतो म्हणाला. सगळ्यांनी सांगितलं नको. त्याने होडीतून उडी मारली. नंतर बॉडी मिळाली, काही दिवसांनी. त्याला बायको होती. दोन मुलं होती, लहान."

शहनाज नवऱ्याचा चेहरा बघत होती. आता तिथे काहीतरी मोडेल, असं तिला वाटलं होतं. तिला तेवढंच हवं होतं, एक तडा, ज्यातून तिला बोट घालता येईल.

झुबेरने गवताची काडी उचलली, दातांत धरली. "मग काय झालं," तो म्हणाला. "पाण्याचा माणूस पाण्यात गेला. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत मेला असता तर बरं झालं असतं?"

धनंजयने नजर खाली वळवली.

त्याच वेळी शहनाजला वास आला. ओल्या मातीचा. पाऊस कुठेच नव्हता. ऊन होतं तसंच होतं, खजुरींच्या सावल्या होत्या तशाच होत्या, पण वादीच्या वरच्या अंगाने एक गार झुळूक आली आणि कपाळावरचे केस हलवून गेली. समोरच्या कड्यावर मघाशी शेळ्या चरत होत्या. त्या आता नव्हत्या. तिने मान वळवून शोधल्या. पार वरच्या कपारीत एका ओळीत उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

तिच्या आळीतल्या बाया दळताना म्हणायच्या ते तिच्या मनात आपोआप उतरलं:

डोंगरी पडे पाऊस, गावात ऊन गं
नदीबाई निघाली, कोणाला सांगून गं

"चला, उठूया," ती म्हणाली.

"निकाल?"

"घरी देते."

"असं नाय चालत. धनू, नियम काय हाय?"

"नियम नियम आहे, भाभी," धनंजय हसत म्हणाला. त्याला हंडीची भीती वाटत नव्हती, आज झुबेरच हरणार असं त्याला वाटत होतं.

वरच्या रस्त्यावरून एक पिकअप जात होती. म्हाताऱ्या ओमानी माणसाने ती थांबवली, हॉर्न दाबून धरला आणि खिडकीतून हात बाहेर काढून वर, वर असं केलं. झुबेरने बसल्याबसल्या त्याला हात हलवून सलाम केला. पिकअप पुन्हा वाजली आणि वळणामागे गेली.

"पाण्याचा रंग बघ," शहनाज म्हणाली.

घोट्याएवढंच होतं पाणी. पण काच राहिली नव्हती. कोणी वर कुठेतरी चहा ओतावा तशी एक तांबूस रेघ त्यातून वाहत येत होती.

"काठी कोरडी हाय," झुबेर म्हणाला. "बोटभर चढलं नाय. तू उगाच घाबरतेस गो. निकाल दे, उठतो."

तो उठणार नव्हता. तिने त्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलं होतं. हरला असता तर त्याने वाद लांबवला असता, तुझा निकाल चुकीचा म्हणून आणखी अर्धा तास चटईवर ठाण मांडलं असतं. त्याला उठवायचा एकच उपाय होता. तो तिच्या जिभेवर आला तेव्हा तिला तो कडू लागला, औषधासारखा नाही, विषासारखा. तिने तूबाकडे पाहिलं. लेकीच्या कपाळावर घामाचा थेंब होता.

"वेब," शहनाज म्हणाली. "वेब सगळ्यांत थोर. उठ आता."

"अम्मी?" तूबा म्हणाली.

"निकाल दिला मी. उठा. वर चला सगळे."

झुबेर पोरासारखा हसला. हसतच उठला, लुंगी झाडली, धनंजयच्या पाठीवर थाप मारली. "घास रे हंडी, रेडग्रेव्ह." शहनाजने तूबाचा दंड धरला आणि कड्यात कोरल्यासारखी एक पायवाट होती तिच्याकडे ओढलं. धनंजय हंडी घेऊन मागे. चटई, पाण्याची बाटली, उरलेली भाकरी तिथेच राहिली.

पायवाटेच्या पहिल्या वळणावर त्यांना आवाज ऐकू आला. आधी तो पाण्याचा वाटलाच नाही. भरलेला ट्रक उतारावर गोटे सांडत यावा तसा होता. मग वरच्या वळणावरून ते आलं. लाट नव्हती ती. तपकिरी रंगाची एक भिंत होती, गुडघ्याएवढी, पुढे काटक्यांचा आणि फेसाचा ढिगारा ढकलत आलेली, आणि तिच्या मागे दुसरी, तिच्याहून उंच.

"झुबेर," धनंजय ओरडला.

शहनाजने मागे वळून पाहिलं. नवरा पायवाटेवर नव्हता. तो गाडीकडे पळत होता.

तो धावत नव्हता खरं तर. चालत होता, खांदे सैल सोडून, जत्रेत आखाड्यात उतरणारा माणूस चालतो तसा. पाणी त्याच्या घोट्यांना लागलं, पोटऱ्यांना लागलं, आणि त्याने एकदाच वर त्यांच्याकडे पाहिलं. तिने हातांनी खुणा केल्या, ये, ये. त्याने तोच हात केला, आलोच.

दार उघडून तो आत बसला. इंजिन सुरू झालं. गाडी हातभर पुढे आली, मग तिची मागची बाजू उचलली गेली, आणि एखादं जनावर मान वळवून बघावं तशी ती सावकाश प्रवाहाला आडवी झाली. काटेरी झाड मधून मोडलं. तूबाने आईच्या ओढणीचा बोळा दातांत धरला होता. शहनाजला वाटलं, मीच पाठवला. ह्या तोंडाने पाठवला.

मग खिडकीतून तो निघाला. आधी डोकं, मग ते खांदे. गाडी त्याच्या खालून सरकून गेली आणि तो पाण्यात पडला, दिसेनासा झाला, खालच्या अंगाला वर आला. तो पाण्याशी भांडत नव्हता. बाणकोटच्या पोरांना शिकवतात तसा तिरका जात होता, पाणी नेईल तिकडे जात जात काठाला सरकत. पायवाटेच्या खाली एक खजूर वाकली होती, तिला त्याने मिठी मारली. धनंजयने हंडी टाकली, घसरत खाली गेला आणि त्याची कॉलर, मग काख, मग कंबर धरत त्याला खडकावर ओढून घेतलं. दोघे तसेच पडून राहिले. गाडी वळणामागे गेली होती. ती गेल्याचा काही आवाजसुद्धा आला नव्हता.

शहनाज उतरून त्याच्यापाशी गेली. त्याच्या भुवईवर खोक पडली होती, एका पायात चप्पल नव्हती, लुंगीच्या चिंध्या झाल्या होत्या. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ते गार असेल असं तिला वाटलं होतं. ते तापल्यासारखं गरम होतं.

"गाडी गेली रे," धनंजय धापा टाकत म्हणाला. "गाडीसाठी जीव देत होतास. मूर्ख माणसा."

"गाडीसाठी कशाला," झुबेर म्हणाला.

तूबा वरच उभी राहिली. त्याने तिला हाक मारली, तरी ती आली नाही. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू काही तो खालच्या वळणामागेच गेला आणि हा दुसराच कोणी वर आला.

"पाहिलंस ना तू?" तो शहनाजला म्हणाला. "तू म्हणालीस तसंच. तू म्हणालीस आणि मला खरंच वाटलं. कधीपासून कोणी म्हटलं नव्हतं."

त्याच्या शर्टाचं ओलं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं. वर रस्त्यावर दारांचे आवाज झाले. तो म्हातारा परत आला होता, आणखी दोघे दोरखंड घेऊन कठड्यापाशी येत होते, यल्ला यल्ला, चला चला, म्हणत हात करत होते. धनंजय त्यांना उत्तर द्यायला वळला.

खाली पाणी आता दोन्ही कड्यांना टेकलं होतं. त्यातून खजुरीचं एक अख्खं झाड मुळांसकट वाहत गेलं, आणि झुबेर त्याच्या पाठोपाठ नजर नेत राहिला. मग ती नजर उचलून त्याने पलीकडच्या कड्यावर नेली, तिथून पाण्याच्या वरच्या अंगाला, तिथून परत. शहनाजने ती नजर मत्रहच्या खडकांवर पाहिली होती. तिथे बोये असायचे, जहाजं असायची. इथे काहीच नव्हतं.

तिने शर्ट दुसऱ्याही हाताने धरला.

"पलीकडचा काठ तसा फार लांब नाय," झुबेर म्हणाला.